जुन्या सुपरमोटोतून जास्त पॉवर काढायची असेल तर सुरुवात कुठून करायची

जुनी रेस सुपरमोटो, म्हणजे रोडची चाकं-टायर लावून वळणांच्या छोट्या ट्रॅकवर पळवायची मोटोक्रॉस बाईक, हातात आली की प्रश्न ठरलेले असतात, बिग बोअर किट (मोठा सिलिंडर-पिस्टन) कुठलं टाकू, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कुठला, सायलेन्सर कुठला, आणि एकूण किती एचपी वाढतील. माझं म्हणणं एवढंच की वीस वर्षं जुन्या रेस इंजिनात कंपनीने दिलेली पॉवरच आज पूर्ण उरलेली नसते, तर आधी ती परत आणा, मग ती कॉर्नरमधून बाहेर पडताना वापरता येईल अशी करा, आणि त्यानंतरही खिशात काही उरलं तर नवीन पार्ट घ्या. बहुतेक लोक हे उलट्या क्रमाने करतात आणि मग म्हणतात एवढा खर्च केला तरी बाईक पळत नाही.

नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एक बाईक धरून बोलतो, होंडा सीआरएफ ४५० आर, २००२ ते २००८ ची कार्ब्युरेटरवाली. २००९ पासून तिला फ्युएल इंजेक्शन आलं, ते प्रकरण वेगळं. मुळात ही मोटोक्रॉस बाईक, पण १७ इंची रिम, स्लिक टायर, पुढे मोठी डिस्क आणि शक्य असेल तर स्लिपर क्लच (गिअर उतरवताना मागचं चाक उड्या मारू देत नाही तो) टाकून जगभर असंख्य लोकांनी तिची सुपरमोटो केली, आणि आज युरोप-अमेरिकेत सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळते ती हीच. आपल्याकडे रोडवर पासिंग होत नाही, ज्या थोड्या आल्या त्या रेसिंगसाठीच आल्या. तुमच्याकडे त्याच काळातली यामाहा वायझेड ४५० एफ किंवा सुझुकी आरएमझेड ४५० असेल तरी विचार हाच, फक्त आकडे त्या त्या मॅन्युअलमधून घ्या.

इंजिन काय आहे ते आधी समजून घ्या म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. ४४९ सीसी, सिंगल सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ९६ एमएम आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ६२.१ एमएम, म्हणजे रुंद आणि आखूड. वर चार व्हॉल्व्ह आणि एकच कॅम, ज्याला होंडा युनिकॅम म्हणते, कॅम इनटेक (हवा आत घेणारे) व्हॉल्व्ह थेट दाबतो आणि एक्झॉस्टचे दोन व्हॉल्व्ह फाटे असलेल्या रॉकरने. इनटेक व्हॉल्व्ह टायटॅनियमचे, एक्झॉस्टचे स्टीलचे. इंजिनचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्स आणि क्लचचं वेगळं. कार्ब, म्हणजे कार्ब्युरेटर, केहिन कंपनीचा एफसीआर. चांगल्या तब्येतीतली स्टॉक (काही न बदललेली) बाईक मागच्या चाकाला साधारण पंचेचाळीस ते पन्नास एचपीच्या मधे देते, आणि छोट्या कार्टिंग ट्रॅकवर एवढी सगळी वापरणारा रायडर मला तरी कमीच दिसलाय, पण ते असो.

तर पहिलं काम, इंजिन कुठे गळतंय ते शोधणं. इथे बरेच जण कंप्रेशन गेज लावतात आणि आकडा कमी आला की घाबरतात. या इंजिनात ऑटो डीकंप्रेशन आहे, किक मारताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा उघडा राहतो म्हणून किक हलकी लागते, त्यामुळे कंप्रेशन गेज खोटं कमीच दाखवणार. खरी टेस्ट म्हणजे लीक डाऊन. इंजिन गरम करायचं, पिस्टन कंप्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, आणायचा, प्लगच्या जागी अडॅप्टर लावून कंप्रेसरची हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. गाडी गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक कोणाला तरी धरायला सांगा, नाहीतर हवेच्या दाबाने क्रँक फिरतो आणि किक लिव्हर नडगीवर बसतो. पाच ते आठ टक्के गळती असेल तर इंजिन मस्त, दहा-बारापर्यंत चालून जाईल, पंधराच्या वर गेली तर उघडावंच लागेल.

आणि आकड्यापेक्षा कान महत्त्वाचा. कार्बमधून फुसफुस येतेय म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून येतेय म्हणजे एक्झॉस्ट, ब्रीदरच्या (इंजिनची आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या) पाईपमधून येतेय म्हणजे रिंगा किंवा बोअर, रेडिएटरचं झाकण काढल्यावर बुडबुडे दिसतात म्हणजे हेड गॅसकेट. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढचे हजारो रुपये कुठे घालायचे ते सांगून जातं.

सीआरएफच्या बाबतीत दहापैकी बऱ्याच वेळा आवाज कार्बकडूनच येणार. टायटॅनियम व्हॉल्व्ह हलका असतो म्हणून इंजिन वरच्या आरपीएमला मोकळं फिरतं, पण त्याच्या फेसवर जे कडक कोटिंग असतं ते एकदा धुळीने घासलं गेलं की आतला मऊ धातू झिजायला लागतो आणि व्हॉल्व्ह सीटमध्ये आत आत बसत जातो. व्हॉल्व्ह आत गेला की दांडा वर येतो, म्हणजे टॅपेटचं अंतर वाढत नाही तर कमी होतं. हे लक्षात ठेवा, कारण जुन्या स्कूटर-बाईकवर हात बसलेले मिस्त्री टॅपेट वाजत नाही म्हणजे सगळं ठीक असं समजतात, आणि इथे नेमकं उलटं आहे, आवाज बंद झाला म्हणजे काळजी करायची. अंतर संपलं की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गाडी थंड असताना स्टार्ट व्हायला त्रास देते, आयडल टिकत नाही आणि पॉवर हळूहळू अशी जाते की रोज चालवणाऱ्याला कळतही नाही.

मॅन्युअलप्रमाणे थंड इंजिनला इनटेक ०.१६ आणि एक्झॉस्ट ०.२८ एमएम, दोन्हीला ०.०३ इकडे-तिकडे चालतं. फिलर गेजने मोजा, कमी असेल तर पातळ शिम (व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसणारी छोटी चकती) टाका. एकदा शिम बदलून पुढे बराच काळ टिकलं तर ठीक, पण बदलल्यावर थोड्याच तासांत परत अंतर कमी झालं तर शिम बदलत बसू नका, कोटिंग गेलंय. तो व्हॉल्व्ह आता बदलायचाच. आणि कृपा करून टायटॅनियम व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने घासून बसवू नका, आपल्याकडे हेड उघडलं की पेस्ट लावून काठी फिरवायची सवय आहे, पण तसं केलं की उरलंसुरलं कोटिंगही गेलं. नवीन व्हॉल्व्ह टाकताना सीट मशीनवर नीट कापून घ्यायची, जुन्या झिजलेल्या सीटवर नवीन व्हॉल्व्ह टाकणं म्हणजे पैसे वाया.

इथे एक पर्याय आहे, इनटेकला स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्ह आणि सोबत कडक स्प्रिंग. वजन वाढतं, अगदी टोकाच्या आरपीएमला थोडं जड वाटतं, पण टिकतात खूप. जो दर सीझनला हेड उघडणार नाही आणि ज्याला स्पेअर मिळवताना महिनाभर कुरिअरची वाट बघावी लागते त्याला मी डोळे झाकून हेच सांगेन. फक्त स्टीलचा व्हॉल्व्ह जुन्या स्प्रिंगवर लावू नका, वरच्या आरपीएमला स्प्रिंग त्याला आवरू शकत नाही.

हेड उघडलंच आहे तर टायमिंग चेनही बघा. चेन ताणली की कॅम मागे राहतो, म्हणजे टायमिंग रिटार्ड होतं, आणि मग खालची-मधली पॉवर जाऊन गाडी फक्त वर ओरडते. नुसती नवीन चेन टाकून मिडरेंज (मधल्या आरपीएमची पॉवर) परत आलेल्या बाईक असतात, आणि मालक मात्र कॅम शोधत फिरत असतो. पिस्टन-रिंगांचं आयुष्य या इंजिनात किलोमीटरमध्ये नाही, तासांत मोजतात, त्यामुळे आवर मीटर नसेल तर आधी तो लावा, स्वस्त असतो. बोअरला निकासिलचं कोटिंग आहे, लोखंडी लायनर नाही. कोटिंगवर उभे ओरखडे असतील, नखाला लागत असतील तर रिप्लेटिंग किंवा नवीन सिलिंडर. लोकल लेथवर बोअर मारून लोखंडी लायनर घालून देतो म्हणणारे भेटतील, होतंही ते, पण लोखंड उष्णता तेवढी सोडत नाही आणि क्लिअरन्सचा सगळा हिशोब बदलतो, रेस इंजिनला मी हे करणार नाही.

आता कार्ब, आणि इथे जास्त वेळ घालवा कारण सुपरमोटोत जे जाणवतं ते बहुतेक इथूनच येतं. एफसीआर हा फार चांगला कार्ब आहे, पण वीस वर्षांनी तोही थकतो. स्लाइडचे (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेचे) छोटे रोलर झिजतात, स्लाइडच्या मागची पातळ प्लेट आणि तिचं सील तडकतं, नीडल ज्या जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या तुकड्यात) वरखाली होते त्याचं भोक गोलाचं लंबगोल होतं आणि मग तुम्ही नीडलची उंची ठरवणारी क्लिप कुठेही लावा, गाडी मधे रिचच (पेट्रोल जास्त) राहते. अ‍ॅक्सिलरेटर पंपचा डायफ्राम कडक होतो. त्यामुळे जेट बदलायच्या आधी नीडल, नीडल जेट, डायफ्राम, सगळ्या ओ-रिंग नवीन टाका, आणि कार्ब व हेडच्या मधल्या रबर बूटला भेग नाही ना ते बघा. भेग असेल तर हवा तिथून घुसते, गाडी लीन (पेट्रोल कमी) होते आणि तुम्ही जेटिंगमध्ये आठवडे घालवता.

जेटिंगचा नियम जुनाच. थ्रॉटलच्या घरावर आणि ग्रिपवर टेपचे तुकडे लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. बंद ते साधारण पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट आणि फ्युएल स्क्रू, पावपासून पाऊणपर्यंत नीडल, पाऊणच्या पुढे मेन जेट. एका वेळी एकच गोष्ट बदला. फ्युएल स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो, म्हणजे बाहेर सोडला की रिच, आत घेतला की लीन. गरम इंजिनवर आयडल जिथे सगळ्यात चढं आणि स्वच्छ वाटतं तिथे ठेवा, ती जागा स्क्रू पूर्ण बंद केल्यापासून दीड ते अडीच आट्यांच्या मधे यायला हवी. एकापेक्षा कमी आट्यात येत असेल तर पायलट एक नंबर लहान, अडीचच्या पुढे जात असेल तर एक नंबर मोठा. मेन जेट फुल थ्रॉटलला, आणि तो शक्य असेल तर लँब्डा सेन्सर (एक्झॉस्टमध्ये बसून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) लावून, १२.८ ते १३.२ ला १ च्या आसपास आणायचा. नुसता प्लगचा रंग बघून ठरवणं आजच्या पेट्रोलवर तेवढं भरवशाचं राहिलेलं नाही, प्लग बराच वेळ पांढराच दिसतो.

आणि पेट्रोलवरून आठवलं, आपल्याकडे जे ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं त्याचा हिशोब वेगळा धरावा लागतो. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १, ई२० ला ते साधारण साडेतेराला येतं, म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन पाहिजे. युरोपातल्या कोणाचं जेटिंग वाचून तसंच लावलं तर इथे बाईक लीन धावणार, आणि लीन म्हणजे गरम. केहिनच्या मेन जेटचा नंबर म्हणजे ढोबळमानाने भोकाचा व्यास, १७० म्हणजे १.७० एमएम, त्यामुळे १७० वरून १७५ केलं तर आकडा तीन टक्के वाढलेला दिसतो पण क्षेत्रफळ सहा टक्के वाढतं, हे डोक्यात ठेवून पावलं टाका. बाईक दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर फ्लोट बाऊल (कार्बमधली पेट्रोलची वाटी) रिकामा करा, इथेनॉल ओलावा ओढतं आणि पायलट जेट चोंदतो.

हवेचंही तसंच. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सहा टक्के कमी असतो. मुंबईत सेट केलेली बाईक पुण्यात थोडी रिच होते, आणि पुण्याच्या डिसेंबरच्या सकाळी सेट केलेली एप्रिलच्या दुपारी अजून रिच. म्हणून एक वही ठेवा, त्यात तापमान, जागा, जेट नंबर, क्लिप, स्क्रूचे आटे, सगळं लिहा.

कॉर्नरमधून बाहेर पडताना थ्रॉटल एकदम उघडला की गाडी क्षणभर गुदमरते, त्याला बॉग म्हणतात, आणि सुपरमोटोत हाच सगळ्यात मोठा चोर आहे. प्रत्येक लॅपला दहा-बारा कॉर्नर, प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा वेळ गेला तर पाच एचपी वाढवूनही तो भरून निघत नाही. थ्रॉटल झटकन उघडल्यावर स्लाइड वर जाते, हवा एकदम येते पण पेट्रोल मागे राहतं, ते भरायला अ‍ॅक्सिलरेटर पंप पिचकारी मारतो. एअर बूट काढून, इंजिन बंद ठेवून थ्रॉटल फिरवा आणि बघा, पिचकारी लगेच सुटली पाहिजे, सरळ गेली पाहिजे, स्लाइडवर आपटता कामा नये, आणि अर्धा ते एक सेकंद टिकली पाहिजे. जास्त लांब चालली तर गाडी आधी उचलते आणि मग रिच होऊन अडखळते, कमी पडली तर उघडताक्षणीच दम तोडते. प्रमाण बदलायला लीक जेट असतो आणि तो उलटा वागतो, लहान नंबर म्हणजे परत बाऊलमध्ये कमी जातं, पिचकारी मोठी. हे एकदा जमलं की लोक विचारतात कुठला कॅम टाकलास.

एअर फिल्टर आणि एअरबॉक्सबद्दल जास्त काही नाही. एअरबॉक्स काढून नुसता कोन फिल्टर लावू नका, बॉक्सच्या आकारमानावर खालची पॉवर अवलंबून असते. डर्ट सेक्शन असलेला ट्रॅक असेल तर फिल्टरला ऑइल नीट लावा, वर सांगितलेल्या टायटॅनियम व्हॉल्व्हचं आयुष्य म्हणजे फिल्टरचीच गोष्ट आहे.

सायलेन्सर नवीन घ्यायच्या आधी जुना उघडून आतली ग्लास वूल बघा. जळून, ऑइल पिऊन काळी झालेली असते, ती बदला. आवाजही कमी होतो आणि गाडी मोकळी वाटते. पुढच्या बेंड पाईपला पडल्यामुळे खोल चेप बसलेला असेल तर तोही बदलण्यासारखा. आफ्टरमार्केट घ्यायचाच असेल तर नुसता शेवटचा डबा नको, हेडर, म्हणजे इंजिनपासून निघणारा पुढचा पाईप, घ्या, आणि ज्या हेडरला पोटाशी फुगवटा असलेला चेंबर असतो तो खालच्या आणि मधल्या रेंजसाठी बरा पडतो. सरळ मोठी नळी, जोरात आवाज, वरच्या टोकाला एखादा एचपी आणि खाली भोक, हा सौदा छोट्या ट्रॅकवर तोट्याचा. शिवाय बऱ्याच ट्रॅकवर आवाजाची मर्यादा असते, आवाज मोजणाऱ्याने बाहेर काढलं तर पॉवरचं करणार काय.

का बरं मी सारखा मिडरेंज मिडरेंज करतोय? कारण या खेळाची घडणच तशी आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅडला एबीसी टीव्हीच्या कार्यक्रमासाठी सुपरबायकर्स नावाची रेस सुरू झाली, रोड रेस, डर्ट ट्रॅक आणि मोटोक्रॉसवाले एकाच ट्रॅकवर आणून बघू कोण सगळ्यात भारी. पुढे फ्रान्समध्ये तो सुपरमोटार्ड म्हणून वाढला. पहिल्यापासून ट्रॅक छोटा, वळणं जास्त, सरळ रस्ता कमी. इंजिन टोकाच्या आरपीएमला एका लॅपमध्ये मोजकेच क्षण असतं, बाकी सगळा वेळ मधेच.

म्हणूनच सगळ्यात स्वस्त पॉवर म्हणजे स्प्रॉकेट. इंजिनची पॉवर वाढत नाही हे खरं, पण चाकाला मिळणारा जोर वाढतो आणि तुम्हाला तोच हवा असतो. समजा पुढे १४ आणि मागे ४२ आहे, रेशो ३.००. मागे ४४ केलं की ३.१४, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये जवळपास पाच टक्के जास्त जोर, दोन-तीन हजारात. पन्नास एचपीच्या इंजिनातून पाच टक्के काढायला हेडवर किती खर्च येतो ते विचारून बघा. पुढचा एक दात म्हणजे मागचे साधारण तीन दात, हे लक्षात ठेवून पुढचे-मागचे दोन-दोन स्प्रॉकेट जवळ ठेवा. सगळ्यात लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, ब्रेक मारायच्या जरा आधी, वरच्या गिअरला इंजिन लिमिटरला (आरपीएमच्या कमाल मर्यादेला) टेकायच्या बेतात आलं पाहिजे, त्याआधी टेकत असेल तर मागे दात कमी करा, टेकतच नसेल तर वाढवा.

इतकं सगळं झाल्यावर, लीक डाऊन चांगलं, कार्ब स्वच्छ, गिअरिंग बरोबर, आणि तरीही हवं असेल तर मग इंजिनात हात घाला.

पहिला नंबर माझ्या मते हाय कंप्रेशन पिस्टनचा, कारण तो आरपीएमच्या पूर्ण रेंजमध्ये देतो. सुरुवातीच्या मॉडेलला ११.५ ला १ होतं, नंतर १२ झालं, बाजारात १३.५ चे पिस्टन मिळतात. पुस्तकी हिशोबाने ११.५ वरून १३.५ ला गेल्यावर साडेतीन ते चार टक्के मिळतात, म्हणजे दीड-दोन एचपी, चमत्कार नाही. पण थ्रॉटलला प्रतिसाद तिखट होतो. बसवताना दोन गोष्टी मोजल्याशिवाय हेड बंद करू नका. एक, स्क्विश, पिस्टनच्या कडेला आणि हेडला मधे किती जागा उरते, सोल्डरची तार ठेवून क्रँक हाताने फिरवा आणि चेपलेली तार मोजा, एक एमएमच्या आसपास हवी. दोन, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर, पिस्टनवर प्लॅस्टिसिन लावून दोन फेरे फिरवायचे, इनटेकला कमीत कमी एक आणि एक्झॉस्टला दीड एमएम तरी हवं. आणि आधी कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला वर-खाली प्ले नाही ना बघा, असेल तर क्रँक आधी, पिस्टन नंतर.

कंप्रेशन वाढवलं की पेट्रोल चांगलं लागतं, नाहीतर नॉकिंग (पेट्रोल अवेळी आपोआप पेटणं) होऊन पिस्टनला भोक. आपल्याकडे इंडियन ऑइलचं एक्सपी१०० हे १०० ऑक्टेनचं डिसेंबर २०२० पासून आहे, सुरुवातीच्या शहरांत मुंबई-पुणे होतेच. अमेरिकेत असाल तर पंपावर लिहिलेला आकडा वेगळ्या पद्धतीने मोजतात, तिथलं ९३ म्हणजे इकडच्या हिशोबात साधारण ९८, त्यामुळे आकडे बघून घोळ करू नका.

कॅमचं म्हणाल तर आफ्टरमार्केटमध्ये स्टेज १ आणि स्टेज २ असे मिळतात, छोट्या ट्रॅकला स्टेज १ च घ्या, स्टेज २ वरच्या रेंजसाठी आहे. स्टेज २ मोठ्या सरळ रस्त्यांच्या ट्रॅकवर मजा देतो पण मग व्हॉल्व्ह स्प्रिंगही बदलायला हव्यात. पोर्टिंगमध्ये भोक मोठं करणाऱ्यापासून लांब राहा. पोर्ट मोठा केला की हवेचा वेग पडतो आणि आपण जी मिडरेंज एवढ्या कष्टाने आणली ती जाते. सीटच्या लगेच मागची कड, कास्टिंगच्या रेषा, बूट आणि पोर्टच्या जोडावरची पायरी, एवढंच साफ करून घ्या. इनटेकला आरशासारखं पॉलिश करायची गरज नाही.

इग्निशनमध्ये व्हॉर्टेक्सची वगैरे प्रोग्रॅम होणारी सीडीआय (स्पार्क कधी द्यायचा ते ठरवणारा डबा) लावता येते, मॅप बदलता येतात. हाय कंप्रेशन आणि कॅम दोन्ही टाकले असतील तर फायदा आहे, स्टॉक इंजिनला फारसा नाही. फ्लायव्हीलला वजन लावल्याने पॉवर अजिबात वाढत नाही, उलट इंजिन थोडं आळशी होतं, पण ओल्या किंवा धुळीच्या ट्रॅकवर मागचं चाक कमी सुटतं आणि कधी कधी त्यातूनच लॅप टाइम येतो. पावसाळ्यात ट्रॅकवर उतरणाऱ्यांनी एकदा करून बघावं.

बिग बोअर शेवटी ठेवलं ते मुद्दाम. १०० एमएमचा बोअर केला की ४८८ सीसी होतात, किट ४९० म्हणून विकतात. टॉर्क वाढतो, जाणवतो, मजा येते यात वाद नाही. पण ४५० च्या क्लासमध्ये रेस करायची असेल तर तो डाव तिथेच संपला, शिवाय पिस्टन जड, व्हायब्रेशन जास्त, क्रँकवर ताण जास्त आणि उष्णता जास्त. फक्त ट्रॅक डे करणाऱ्याने, आणि तेही क्रँक नवीन करून, जरूर टाकावं.

उष्णतेचं गणित सगळ्यांनाच करावं लागतं. या बाईकला फॅन नाही, हवा फक्त वेगाने येते, आणि सुपरमोटोत वेग कमी, मेहनत जास्त. रेसमध्ये बहुतेक ठिकाणी रेडिएटरमध्ये ग्लायकॉलवाला कूलंट चालत नाही, पडल्यावर सांडला तर ट्रॅक साबणासारखा होतो, म्हणून डिस्टिल्ड पाणी आणि चालत असेल तर वॉटर वेटर (थंड ठेवायला पाण्यात मिसळायचं द्रव). रेडिएटरच्या वाकलेल्या पट्ट्या बारीक स्क्रूड्रायव्हरने सरळ करा. पुढची नंबर प्लेट मोठी लावून हवा अडवू नका. तापलेलं इंजिन हवा कमी घेतं, म्हणजे तीही पॉवरच गेली.

इंजिनच्या भागात ऑइल जेमतेम पाऊण लिटरच्या आत बसतं, एवढ्याशा ऑइलवर सगळं चालतं, त्यामुळे महाग ऑइल घालून चार ट्रॅक डे ओढण्यापेक्षा मध्यम ऑइल प्रत्येक वेळी बदला. जास्त भरू नका, क्रँक ते घुसळत बसतो. क्लचच्या बाजूला जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा शिक्का) लिहिलेलंच घाला नाहीतर क्लच सरकेल. ब्रेक कॅलिपर चिकटलेला, चेन अतिताणलेली, व्हील बेअरिंग जड, असं काही असेल तर तेही बघा, चाक उचलून हाताने फिरवलं की दोन मिनिटांत कळतं.

नवीन पिस्टन टाकल्यावर पहिल्यांदा गरम करा, पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा, मग ट्रॅकवर अर्ध्या-पाऊण थ्रॉटलने थोडी सेशन, गिअर बदलत बदलत, एका आरपीएमला अडकवून ठेवू नका. मग ऑइल बदला, फिल्टर कापून आत चमकी दिसते का बघा, टॅपेट परत मोजा, आणि लीक डाऊन परत करून आकडा त्याच वहीत जुन्या आकड्याच्या शेजारी लिहा.